जुनंही गेलं, नवंही नाही… मग माझं काय?



आजचे श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

मागच्या चिंतनात आपण अर्जुनाची तक्रार वाचली. मन वाऱ्यासारखं आहे, धरायला जावं तर हाती लागत नाही. भगवंतांनी ती तक्रार खोटी ठरवली नाही. कठीण आहे हे मान्य केलं आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. आपल्याला वाटतं, झालं, विषय संपला. पण अर्जुन तिथे गप्प बसत नाही. त्याला पुढची एक भीती दिसते आहे आणि ती तो सरळ बोलून दाखवतो.

त्याचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो. देवा, समजा एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडले. मन मधेच घसरलं. जुन्या रीतीची वाट त्यानं सोडली होती, आणि ज्या योगासाठी सोडली तोही पूर्ण झाला नाही. मग तो दोन्हीकडून गेला का? फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

ढगाची उपमा नीट बघा. एका मोठ्या ढगापासून एक तुकडा सुटतो. दुसऱ्या ढगाला जाऊन मिळायच्या आधीच वारा त्याला विस्कटतो. तो पाऊसही देत नाही आणि सावलीही देत नाही. मागचं घर सुटलं, पुढचं मिळालं नाही. अर्जुन हे युद्धाबद्दल विचारत नाहीये. हा साधना करून बघितलेल्या माणसाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो आपलाही आहे.

आमच्या रविवारच्या ऑनलाइन वाचनात याच श्लोकाशी थांबलो होतो, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "दादा, हा ढग मी गेल्या आठवड्यात ऑफिसात बघितला." ती पुण्यात एका कंपनीत डेटाबेसचं काम करते. तिनं जे सांगितलं ते तिच्या परवानगीनं, नाव न घेता लिहितो आहे. आयटीत नसलेल्यांसाठी थोडं सोपं करून सांगतो. आयटीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

डेटाबेस म्हणजे स्वयंपाकघर समजा. त्यात डबे असतात : तांदूळ, डाळ, गूळ. हे झाले टेबल्स, म्हणजे माहिती. पण स्वयंपाकघरात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कृती. पुरणपोळीत गूळ किती, डाळ किती शिजवायची, कधी वाटायची. डेटाबेसमध्ये अशी पायरीपायरीनं लिहून साठवलेली कृती असते, तिला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. हिच्या ऑफिसातल्या प्रोसीजरचं काम होतं थकलेल्या हप्त्यांवरचा दंड काढायचं. शेकडो ओळी, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या. महिनाअखेर होती. नियम बदलला म्हणून एकच ओळ बदलायची होती.

तिनं ॲडमिनचं सॉफ्टवेअर उघडलं, प्रोसीजरवर 'एडिट' दाबलं, ओळ बदलली, 'सेव्ह' केलं. कुठेतरी एक अर्धविराम राहिला होता. लाल पट्टीत एरर आली. तिनं खिडकी बंद केली, म्हटलं जुन्यापासून पुन्हा सुरू करू. यादी ताजी केली, तर यादीत ती प्रोसीजरच नाही. नवी तर नाहीच, जुनीपण नाही.

असं का झालं? आपण 'एडिट' हा शब्द वाचतो तेव्हा वाटतं की आहे त्यात थोडा बदल होतोय. पण मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजरचा आतला मजकूर जागच्या जागी बदलता येत नाही. ऑल्टर प्रोसीजर नावाची कमांड आहे, पण तिनं फक्त वरवरचे गुणधर्म बदलतात. मजकूर बदलायचा तर आधी जुनी ड्रॉप करायची, मग नवी क्रिएट करायची. बटण एक दिसतं, पण मागे कामं दोन चालतात. पहिलं काम यशस्वी झालं आणि दुसरं फसलं, की मधल्या फटीत सगळं जातं. आणि ड्रॉप झालं की ते त्याच क्षणी पक्कं होतं, रोलबॅक म्हणून मागे फिरता येत नाही. काही सॉफ्टवेअर नवं फसल्यावर जुनं परत बसवायचा प्रयत्न करतात, पण तो प्रयत्नही फसू शकतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये जुन्याच्या जागी नवं ठेवायची कमांडच वेगळी आहे. तिथे नवं स्वीकारलं गेलं नाही तर जुनं जागेवर राहतं.

"मग बॅकअप होता ना?" असं वाचनातल्या तिघांनी एकदम विचारलं. होता. रोज रात्री निघत होता. उघडून बघितला तर सगळी टेबल्स होती, प्रोसीजर एकही नव्हती. कारण बॅकअप काढायची जी नेहमीची कमांड आहे, मायएसक्यूएलडंप, ती टेबल्स घेते, त्यांवरचे ट्रिगरही घेते. प्रोसीजर हव्या असतील तर रूटीन्सचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तो कुणी दिलाच नव्हता. डबे सगळे जपले होते, कृतीचा कागद कुणी जपला नव्हता.

इथपर्यंत ती ऑफिसचं सांगत होती. मग थोडं थांबून म्हणाली, "दादा, मला त्या रात्री रडू आलं ते प्रोसीजरसाठी नाही. मला वाटलं, माझंही असंच झालंय."

साताऱ्याकडे तिच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठ व्हायचा. आजी टाळ धरायची, ही शेजारी बसायची. पुण्यात आल्यावर ते तिला जुनाट वाटायला लागलं. ध्यानाचा एक कोर्स केला, चांगला होता, मनाला भावला. ठरवलं, आता हेच. हरिपाठ सोडला. दोन-तीन महिने ध्यान चाललं, मग शिफ्ट बदलली, झोप बिघडली, ध्यानही सुटलं. आता हरिपाठाचं पुस्तक हातात घेतलं तर लाज वाटते आणि डोळे मिटून बसलं तर ऑफिस दिसतं. "आजीला कोणत्या तोंडानं सांगू? जुनंही गेलं, नवंही नाही. मग माझं काय?"

मंडळी, हा अडतिसावा श्लोकच नाही का? मी तिला तेव्हा काही उत्तर दिलं नाही. पुढचे श्लोक वाचायला घेतले. कारण उत्तर माझं नकोच, ते भगवंतांनी दिलेलं आहे.

आणि ते उत्तर सुरू कसं होतं बघा. चाळिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला 'तात' म्हणतात. संस्कृतात हा शब्द वडिलांसाठीही येतो आणि मुलासाठी, शिष्यासाठी मायेनंही येतो. आपल्याकडे आई "बाळा" म्हणते तसा. आधी जवळ घेतलं, मग सांगितलं : चांगलं करायला निघालेल्या माणसाचा नाश इथेही होत नाही आणि पलीकडेही होत नाही. त्याची दुर्गती होत नाही.

इथे बारकाईनं वाचायला हवं, कारण घाईत वाचलं तर चुकीचा दिलासा मिळतो. भगवंत असं म्हणत नाहीत की तू घसरलाच नाहीस. असंही म्हणत नाहीत की काही बिघडलं नाही. पुढे ते सांगतात की असा माणूस पुण्यवानांच्या लोकांत दीर्घ काळ राहतो, मग शुद्ध आणि संपन्न घरात किंवा योग्यांच्या कुळात जन्म घेतो, आणि तिथे मागच्या देहात कमावलेली बुद्धी त्याला परत मिळते. तिथून तो पुन्हा प्रयत्नाला लागतो. म्हणजे केलेलं वाया जात नाही, पण वेळ जातो. बरीच वर्षं, कदाचित जन्म जातात. हरवल्याची किंमत आहे, आणि गीता ती झाकत नाही.

चव्वेचाळिसाव्या श्लोकात 'अवश' असा एक शब्द आहे, म्हणजे स्वतःच्या इच्छेवाचून. पूर्वी केलेला अभ्यास त्या माणसाला ओढतो. त्याला आठवत नसतं, ठरवलेलं नसतं, तरी पाय तिकडेच वळतात. ज्ञानेश्वर माउलींनी हे श्लोक उलगडताना असं एक मूल रंगवलं आहे, की जाणतेपणासाठी त्याला मोठं व्हायची वाटच बघावी लागत नाही. पूर्वीचं कमावलेलं त्याच्याकडे आपण होऊन चालत येतं.

आता ऑफिसात त्या रात्री पुढे काय झालं ते सांगतो, कारण मला ते या श्लोकाच्या फार जवळचं वाटलं.

मायएसक्यूएलचा सर्व्हर एक वही ठेवतो, तिला बायनरी लॉग म्हणतात. डेटाबेसमध्ये जे जे बदललं ते क्रमानं तिच्यात लिहिलं जातं. प्रोसीजर तयार केली तर तिचा पूर्ण मजकूरही त्यात येतो. आवृत्ती ८ पासून ही वही मुळातच चालू असते आणि कुणी वेगळं ठरवलं नसेल तर ३० दिवसांची पानं राहतात. तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी त्याच प्रोसीजरमध्ये बदल केला होता, म्हणजे ती तेव्हा नव्यानं तयार झाली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं ती वही उलगडली आणि पहाटेपर्यंत जुना मजकूर जसाच्या तसा मिळाला. यादीतून ती गेली होती, पण ती कधीतरी लिहिली गेली होती याची नोंद गेली नव्हती.

हे ऐकताना मला वाटलं, चाळिसावा श्लोक याहून सोपा करून सांगता येणार नाही. फरक एकच. ऑफिसच्या वहीला ३० दिवसांची मुदत आहे. तो बदल दोन महिन्यांपूर्वीचा असता तर मिळालं नसतं, शेकडो ओळी पुन्हा लिहाव्या लागल्या असत्या. साधनेच्या वहीला भगवंतांनी मुदत घातलेली नाही. पंचेचाळिसाव्या श्लोकात ते अनेक जन्मांचा हिशोब धरतात. लहानपणी आजीशेजारी बसून म्हटलेला हरिपाठ त्या वहीत आहे. दोन महिने केलेलं ध्यानही आहे. तुमच्या यादीत दिसत नसेल, तरी आहे.

त्या मुलीनं मग आजीला फोन केला. मी काही सुचवलं नव्हतं. आजी रागावतील अशी तिची तयारी होती. आजी एवढंच म्हणाल्या, "अगं, जिथं सुटलं तिथनं धर." त्रेचाळिसाव्या श्लोकात जे आहे तेच. मागची बुद्धी मिळते आणि तिथून पुढे प्रयत्न. पहिल्यापासून नाही, जिथं सुटलं तिथून.

आता एक प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच घेतो. काही वायाच जात नाही, तर मग सांभाळायचं कशाला? सोडू, धरू, पुन्हा सोडू, वही आहेच!

त्याचं उत्तर ऑफिसातच आहे. मजकूर मिळाला, पण त्या रात्री चार माणसं झोपली नाहीत. दुसऱ्या दिवशीची बिलं उशिरा गेली आणि ज्यांची बिलं अडकली त्यांचा काही संबंध नसताना त्यांना ताटकळावं लागलं. वही असणं हा आधार आहे, निष्काळजीपणाचा परवाना नाही. आणि अर्जुनानं प्रश्न विचारला तोही श्रद्धा असूनही कमी पडलेल्या माणसाबद्दल. श्रद्धेची चेष्टा करणाऱ्याबद्दल त्यानं विचारलेलंच नाही.

मग बदल करायचाच नाही का? तसंही नाही. आपल्या परंपरेत बदल कसा करावा याचा एक सुंदर धडा आहे, तो संत एकनाथांचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं हातानं नकला होत राहिल्या. नकलेवरून नक्कल, त्यात शब्द बदलले, कुणी आपल्या ओव्या घातल्या. नाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. आणि यापुढे कुणी यात आपली ओवी मिसळू नये असंही बजावलं.

नाथ स्वतः केवढे मोठे कवी! त्यांना स्वतःचं सांगायचं नव्हतं का? होतं. ते त्यांनी भागवतावरच्या टीकेत सांगितलं, जी काशीला १५७३ साली पूर्ण झाली. नवं लिहायचं ते स्वतंत्र ग्रंथात लिहिलं. जुनं दुरुस्त करायचं तेव्हा आधी सगळ्या प्रती समोर ठेवल्या. जुनं पुसून त्या जागी आपलं बसवलं नाही.

जाणती माणसं डेटाबेसमध्येही हेच करतात. नवी प्रोसीजर वेगळ्या नावानं तयार करतात, चालवून बघतात, आणि ती नीट चालली की मगच जुनीला हात लावतात. त्याआधी जुनीचा मजकूर बाहेर एका फाइलमध्ये ठेवतात. यात दहा मिनिटं जास्त जातात, पण रात्र वाचते.

आणि तो बॅकअपचा मुद्दा माझ्या मनातून काही जात नाही. डबे जपले, कृती नाही. आपल्या पिढीचं हेच होतंय का, बघा. माझ्या फोनमध्ये ज्ञानेश्वरीची पीडीएफ आहे, कीर्तनांच्या रेकॉर्डिंग आहेत, वारीचे फोटो आहेत. तुमच्याकडेही असतील. माहितीचा बॅकअप आपल्याइतका कुठल्याच पिढीनं घेतला नसेल. पण आजी संध्याकाळी दिवा लावताना आधी काय म्हणायची, टाळ कोणत्या चालीवर धरायची, पोथी उघडताना पुस्तकाला हात लावून डोळ्यांना का लावायची, ती कृती कुठल्या फोल्डरमध्ये आहे? ती फक्त करण्यानं जपली जाते. शेजारी बसून, रोज. तो पर्याय वेगळा द्यावा लागतो, आपोआप येत नाही.

म्हणून आजसाठी तीन छोट्या गोष्टी.

१. तुमचा आत्ताचा नेम काय आहे तो कागदावर लिहा. अगदी 'झोपताना एकदा नाव घेतो' एवढाच असला तरी. नवं काही सुरू करायचं असेल तर खुशाल करा, पण ते शेजारी सुरू करा. नवं अंगवळणी पडेपर्यंत जुन्याला ड्रॉप करू नका. ध्यान आणि हरिपाठ यांचं भांडण नाहीच मुळी.

२. घरातल्या मोठ्या माणसाला आज फोन करा आणि एक कृती विचारून घ्या. माहिती नको, कृती विचारा. "आजी, तू हे कसं करतेस?" आणि जमलं तर पुढच्या वेळी गावी गेल्यावर शेजारी बसून एकदा करा.

३. काही सुटलं असेल तर आज जिथं सुटलं तिथून धरा. पूर्ण हरिपाठ जमत नसेल तर एक अभंग. वीस मिनिटं जमत नसतील तर दोन. मागच्या दिवसांचा हिशोब भरून काढायला बसू नका, त्यानं लाज वाढते आणि पुस्तक पुन्हा मिटतं.

आणि ज्यांना आज खरंच त्या ढगासारखं वाटत असेल, ना इकडचे ना तिकडचे, त्यांनी आज फक्त चाळिसावा श्लोक वाचावा. अर्थ नंतर पाहू. त्यातला 'तात' हा शब्द आपल्यालाच हाक मारतोय असं समजून वाचावा.

पांडुरंगा, आम्ही सोडतो पटकन आणि धरतो अर्धवट. आमच्या यादीतून जे पुसलं गेलं ते तुझ्या वहीत असू दे. आणि पुन्हा लिहायला बसायचं बळ दे.

उद्या श्लोक ४६ आणि ४७. अध्याय संपतो आहे, वाचून या.

राम कृष्ण हरी 🙏